शेजारची चिठ्ठी

तार्तूत फेब्रुवारी. नदी गोठलेली.
तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास,
आणि हेल्वे, वय वर्षं चौसष्ट,
वाळलेल्या रोपाच्या देठाला कागदी पट्टी लावते आहे,
पोराच्या खरचटलेल्या गुडघ्याला लावावी तशी.

रोसी बावीसची, उमेदवारीला आलेली.
डबा उघडता उघडता विचारते,
"त्या दलदलीतलं तुझं ते माणूस, ते कोण होतं गं?"

इथे मलाच थांबावं लागतं.
त्यांच्या भाषेत तो आणि ती मिळून एकच शब्द, 'ता'.
दोन महिने हेल्वे सांगत होती,
ता चिखलात गुडघाभर रुत—
ता मोठमोठ्यानं हस—
तानं माझ्या बुटातलं पाणी...
मराठी क्रियापद फार चौकस,
कोण ते कळल्याशिवाय शेपूट हलवत नाही.

"बाई होती," हेल्वे म्हणते. "इल्मे.
त्र्याऐंशीचा जुलै.
मग ऊडो. सव्वीस वर्षं, तो जाईपर्यंत.
तो संसार काही पांघरूण नव्हता.
तेही खरं, हेही खरं."

रोसीचा घास हातातच.
मग धबधब्यासारखी सुटते:
बायसेक्शुअल म्हणजे एकाहून जास्त लिंगांकडे ओढ,
दोनच असं काही नाही हं;
पॅन म्हणजे समोरचं माणूस कुठल्या लिंगाचं
हे मनाच्या वाटेत येतच नाही;
ऑम्नी म्हणजे येतं, दिसतं, आणि तरी सगळीच आवडतात;
फ्लुइड, ऋतूगणिक; क्वीअर,
कुणाला सगळ्यांवर मिळून एकच छत्री हवी असली तर.

हेल्वे ऐकते, जसं रोप ओळखायचं कोष्टक वाचावं:
पान गोल असेल तर चारवर जा,
लांबट असेल तर सहावर.
"ऊडोचे खांदे मला पुरुषाचे म्हणूनच आवडायचे.
इल्मेचा आवाज बाईचा म्हणूनच.
मग मी कितीवर जाऊ?"
आणि जरा थांबून,
"माझी आई म्हणाली असती, संकर.
अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं.
पण अर्धी मी कुठेच नव्हते. दोन्हीकडे सबंध होते."

मग ती उठून एक कागद आणते. दवबिंदू,
माशी धरणारं इवलं लाल रोप,
वाळून तपकिरी. त्याच्या उजव्या कोपऱ्यात
चार चिठ्ठ्या, चार हातांच्या,
पहिली अठराशे एक्याण्णवची.
"नवं नाव सुचलं तर शेजारी डकवायचं.
खाली सही, तारीख.
जुनी चिठ्ठी फाडायची नाही, चुकीची असली तरी.
त्या दिवशी, त्या उजेडात,
कुणाला तरी तसंच दिसलं होतं."

माझ्या भाषेत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत एका टिंबाचं अंतर,
आणि बोलताना ते टिंब
कुणाच्या तोंडून कधी पडेल, भरवसा नाही.
हेल्वेला ते माहीत असावं.
नाहीतर बेचाळीस वर्षं
तिनं सर्वनामाआड का काढावीत?

कोरी चिठ्ठी घेते. आधी जागा लिहिते: दलदल,
लाकडी फळ्यांच्या वाटेपासून डावीकडे.
मग तारीख. संग्राहक: स्वतः.
नावाच्या ओळीत: बाय.

"हा जुना शब्द झाला," रोसी चाचरते,
"आमच्यात काही जण म्हणतात..."
"जुनाच असू दे. बावीसची होते तेव्हा यायला हवा होता.
पत्र उशिरा पोचलं म्हणून
मी काय पोस्टमनला परत देऊ?"

चिठ्ठ्यांचा गठ्ठा ती रोसीकडे सरकवते.
रोसी काहीतरी लिहिते, खोडते,
पॅन लिहिते, पुढे प्रश्नचिन्ह.
"चालतं," हेल्वे म्हणते,
"आम्ही रोपांनाही देतो."

डकवायला कागद नव्हता.
तिनं आपली चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली,
काळ्या पावाचा, वर खारवलेली मासळी असलेला,
उरलेला तुकडा रोसीपुढे केला.
त्या खोलीत अर्धं असं
तेवढंच काय ते होतं.